दोन शास्त्रे, एक भूमी

आपल्या मराठी मंडळ्यांत ‘शास्त्र’ हा शब्द दोन ठिकाणी ऐकू येतो. रविवारी उपासनेत शास्त्रपाठ होतो, तेव्हा पाळकांपुढे पवित्र शास्त्र उघडलेले असते. सोमवारी तीच मुले शाळेत जातात आणि तेथे त्यांना जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भूगर्भशास्त्र शिकवले जाते. भाषेने दोन्हींना एकाच नावाने हाक मारली आहे. पण आपल्या पुष्कळ घरांत ही दोन शास्त्रे दोन सवतींसारखी नांदतात. एकीचे नाव दुसरीपुढे काढायचे नाही, एवढाच काय तो घरातला नियम.

हा नियम वरवर सोयीचा वाटतो. पृथ्वी किती वर्षांची, या प्रश्नाचे परीक्षेत लिहायचे उत्तर एक आणि शब्बाथ शाळेत सांगायचे उत्तर दुसरे, हे मूल दहाबारा वर्षांचे होईपर्यंत शिकून घेते. त्याला कोणी रागावत नाही, आणि कोणी समजावूनही सांगत नाही. पुढे कॉलेजात गेल्यावर काहींचा विश्वास गळून पडतो, काहींचा टिकतो. पण टिकतो तोही पुष्कळदा प्रश्न न विचारण्याच्या अटीवर टिकलेला असतो. देवाच्या घरात चालणारे सत्य निराळे आणि बाहेर चालणारे निराळे, असा धडा आपण न बोलता दिलेला असतो. आम्हांला ही गोष्ट विज्ञानाच्या कोणत्याही शोधापेक्षा विश्वासाला अधिक घातक वाटते. म्हणून या विषयाचा थोडा शांतपणे विचार करू या. त्यासाठी गॅलिलिओपर्यंत किंवा विलायतेतील वादांपर्यंत जाण्याचे कारण नाही. आपल्या मुलखाच्या पूर्व सीमेवर, प्राणहितेच्या काठी, या प्रश्नाचे एक उत्तम उदाहरण पडून आहे.

तेलंगणातील आदिलाबाद जिल्हा पैनगंगेच्या दक्षिणेस आहे. २०१६ साली त्याचे आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कुमरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले. येथे आम्ही जुना अखंड जिल्हा धरून लिहीत आहोत. मराठवाड्याप्रमाणे हाही मुलूख १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, आणि त्याच्या उत्तरेकडील गावांत आजही मराठी बोलली जाते. वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमातून झालेली प्राणहिता या जुन्या जिल्ह्याच्या पूर्वेकडून वाहते. तिच्या पलीकडे आपला गडचिरोली जिल्हा. सिरोंच्याजवळ ती गोदावरीला मिळते.

या खोऱ्यातील खडक थरांवर थर असे रचलेले आहेत. सर्वांत खालच्या थरांत एक गोटेमिश्रित थर आहे. चंद्रपूरजवळ इरई येथे त्याच्याखालील चुनखडीवर सरकत्या बर्फाने पाडलेले ओरखडे आढळले आहेत. आज जेथे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेथे एके काळी हिमनद्या होत्या. त्यावर कोळशाचे थर आहेत. बेल्लमपल्ली, मंदमरी या भागांतून निघालेला कोळसा हा ग्लॉसोप्टेरिस जातीच्या झाडांच्या पुरातन जंगलांचा अवशेष आहे. त्याहून वर तांबड्या चिकणमातीचा थर येतो. आसिफाबादकडील मलेरी गावावरून त्याला मलेरी थर म्हणतात, आणि त्यात मगरीसारख्या प्राण्यांची हाडे व फुप्फुसे असलेल्या माशांचे दात सापडतात. हा थर सुमारे बावीस-तेवीस कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्याही वर कोटा थर. त्यातील चुनखडीत खवल्यांसकट मासे जपले गेले आहेत, आणि शेजारच्या मातीत डायनोसॉरांची हाडे. यामनपल्ली गावाजवळ मिळालेल्या अशा हाडांवरून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे यादगिरी यांनी १९८८ मध्ये ‘कोटासॉरस’ हे नाव दिले. त्याचा सांगाडा हैदराबादच्या बिर्ला विज्ञान संग्रहालयात उभा आहे. नदीच्या पलीकडे सिरोंचा भागात सापडलेल्या त्याच्या भावंडाचे १९७५ मध्ये ‘बारापासॉरस टागोराय’ असे नामकरण झाले. ‘बारापा’ म्हणजे बंगालीत मोठ्या पायाचा. आणि रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या सुमारास तो सापडला म्हणून त्याला त्यांचे नाव. तो कोलकात्याला भारतीय सांख्यिकी संस्थेत आहे.

इतका तपशील देण्याचे कारण आहे. हे सारे नोहाच्या जलप्रलयात एकाच वर्षी गाडले गेले, असे अजूनही काही ठिकाणी शिकवले जाते. पण ज्याने हे थर एकदा क्रमाने पाहिले त्याला हे म्हणता येत नाही. एकच पूर प्रथम हिमनदी आणत नाही, मग जंगल उगवून त्याचा कोळसा करीत नाही, मग नदीकाठची तांबडी माती आणि शेवटी संथ तळ्याच्या तळाशी बसणारी बारीक चुनखडी अंथरत नाही. प्रत्येक थराला त्याचा त्याचा काळ लागला आहे. हे म्हणणे कोणा नास्तिकाने रचलेले नाही. ते दगडात आहे, आणि दगड कोणाही प्रामाणिक माणसाला सारखेच उत्तर देतो.

आता या खडकांकडे प्रथम लक्ष वेधणाऱ्यांत कोण होते ते पाहा. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी. जन्म १८१७ चा. १८४५ साली ते नागपुरास आले. त्यांनी शाळा काढली, मराठी शिकले, गावोगाव सुवार्ता सांगत हिंडले. १८८३ साली नागपुरात निघालेल्या हिस्लॉप कॉलेजला त्यांचेच नाव आहे. प्रवासात जेथे मुक्काम पडे तेथील दगडही ते पाहत. रॉबर्ट हंटर या आपल्या सहकाऱ्याबरोबर त्यांनी नागपूर भागाच्या भूरचनेवर लिहिलेला निबंध १८५५ मध्ये लंडनच्या भूशास्त्र मंडळाने छापला. मांगली येथे या दोघांना मिळालेल्या एका प्राण्याच्या कवटीचे त्याच वर्षी रिचर्ड ओवेन या विख्यात शास्त्रज्ञांनी वर्णन केले. मलेरीच्या जीवाश्मांसंबंधी हिस्लॉप यांच्या पत्रांतील उतारे १८६४ मध्ये प्रसिद्ध झाले. पण ते पाहायला ते राहिले नव्हते. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना, बोरीजवळ पुराने फुगलेल्या ओढ्यात ते वाहून गेले. पुढे १८८५ मध्ये मलेरी थरातील त्या मगरीसारख्या प्राण्याला ‘पॅरासूकस हिस्लोपाय’ हे नाव मिळाले. आदिलाबादच्या मातीतील एका प्राण्याला सुवार्तिकाचे नाव आहे, ही गोष्ट आपल्या शब्बाथ शाळेच्या मुलांना ठाऊक असावी असे आम्हांला वाटते.

हिस्लॉप यांच्या चर्चमध्ये ही वृत्ती नवी नव्हती. फ्री चर्चचे पहिले मॉडरेटर थॉमस चामर्स यांनी पृथ्वी फार जुनी असण्यास उत्पत्तीच्या ग्रंथाचा अडथळा नाही, असे कितीतरी आधी प्रतिपादले होते. त्याच चर्चचे पत्रकार ह्यू मिलर हे मूळचे पाथरवट. त्यांनी जुन्या तांबड्या वालुकाश्मातील माशांवर ग्रंथ लिहिला. या मंडळींना दगड फोडणे हे उपासनेविरुद्ध वाटले नाही. खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा शेजाऱ्याविषयी आहे हे खरे. पण देवाने निर्माण केलेल्या सृष्टीविषयी खोटी साक्ष देण्याची परवानगी तिने कोठेही दिलेली नाही.

येथे दोन पळवाटा आहेत, आणि दोन्ही टाळल्या पाहिजेत. पहिली, दगडाला वाकवून शास्त्रवचनात बसवणे. तिच्याविषयी वर लिहिलेच आहे. दुसरी, शास्त्रवचन वाकवून दगडात बसवणे. उत्पत्तीतील सहा दिवस म्हणजे सहा युगे, आणि त्यांचा क्रम भूगर्भशास्त्राशी अगदी जुळतो, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. मिलर यांनाही ही वाट आवडली होती. पण पहिल्याच अध्यायात वनस्पती तिसऱ्या दिवशी आणि सूर्य चौथ्या दिवशी येतो. मग हा जुळवाजुळवीचा खटाटोप कोठे नेणार? या दोन्ही वाटांवर एकच समजूत दडलेली आहे. ती ही की, धर्माचा अर्थ म्हणजे एक प्रकारचे जुने, अपुरे विज्ञान. ही समजूत तपासण्यासाठी पुन्हा हिस्लॉप यांच्याकडेच वळावे लागते.

त्यांनी दगडांबरोबर आणखी एक गोष्ट गोळा केली होती. त्यांच्या मृत्यूनंतर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये त्यांची टिपणे प्रसिद्ध केली. त्यांत एका परधानाने सांगितलेले लिंगोचे दीर्घ गीत आहे. परधान हे गोंडांचे पिढीजात गायक; किंगरी वाजवून ते कुळांच्या कथा गातात. आदिलाबादच्या गोंडांतही हीच परंपरा आहे. क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञांनी १९४० च्या दशकात तेथे राहून तिचा अभ्यास केला आणि १९४८ मध्ये ‘आदिलाबादचे राजगोंड’ हा ग्रंथ इंग्रजीत प्रसिद्ध केला. कथा थोडक्यात अशी : गोंडांच्या पूर्वजांना एका गुहेत कोंडले गेले, तोंडावर भली मोठी शिळा लावली गेली. लिंगोने त्यांना सोडवले, त्यांची चारदेवे, पाचदेवे, सहादेवे, सातदेवे अशी कुळे लावून दिली, आणि एकाच गटात सोयरीक करू नये असा नियम घातला. केरामेरीकडील जंगूबाईच्या गुहेला दरवर्षी पौषात तेलंगणातून आणि महाराष्ट्रातून लोक येतात. गोंदिया जिल्ह्यातील कचारगडच्या गुहेतही माघ पौर्णिमेला मोठी यात्रा भरते.

आता एखादा भूगर्भशास्त्रज्ञ फूटपट्टी घेऊन या गुहांत गेला आणि म्हणाला, ‘येथे एवढी माणसे मावणार नाहीत, आणि ही शिळा कोणी हलवलेली दिसत नाही’, तर त्याचे मोजमाप बरोबरच असेल. पण परधानाचे गाणे खोटे ठरले असे होईल काय? आम्हांला तसे वाटत नाही. शिळेचे वजन किती, हे सांगायला तो बसलेलाच नव्हता. आम्ही कोंडलेले होतो, कोणीतरी येऊन सोडवले, म्हणून आम्ही एकमेकांचे आहोत आणि असे असे वागणे आमच्यावर बंधनकारक आहे, हे तो सांगतो. वल्हांडणाच्या रात्री इस्राएली बाप आपल्या मुलाला मिसरातील दास्य आणि सुटका सांगतो, त्या बोलण्याची जात आपण ख्रिस्ती लोक चांगली ओळखतो. मग आपल्या ग्रंथाला अर्थाच्या तराजूत तोलायचे आणि शेजारच्या गोंडाच्या गाण्याला मात्र फूटपट्टी लावून ‘अंधश्रद्धा’ म्हणायचे, हा न्याय नव्हे. असे जो करतो त्याला उद्या कोणी त्याच फूटपट्टीने उत्पत्तीचा पहिला अध्याय मोजला तर कुरकुर करता येणार नाही.

असे असले तरी एक अडचण प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. धर्माचा संबंध अर्थाशी आणि विज्ञानाचा वस्तुस्थितीशी, अशी सरळ वाटणी करून हात धुता येत नाहीत. आपला विश्वास एका घटनेवर उभा आहे. पंतय पिलाताच्या कारकीर्दीत एक मनुष्य वधस्तंभावर मेला, हे विधान इतिहासातील आहे. त्याची चौकशी इतिहासाच्या रीतीनेच होणार, आणि ती होऊ द्यावी. तेव्हा धर्म काय घडले असे सांगतो तेथे त्याने तपासणीला सामोरे जावे, आणि त्याचा अर्थ काय असे सांगतो तेथे विज्ञानाने आपले माप संपले हे ओळखावे. कोणते विधान कोणत्या प्रकारचे, हे प्रत्येक वेळी नीट पाहावे लागते. त्याला सोपा मार्ग नाही.

खडकांच्या बाबतीत चूक झाली तरी कोणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही. पण हाच प्रश्न एखाद्या घरात आजाऱ्याच्या खाटेशी उभा राहतो, तेव्हा त्याची खरी किंमत कळते. आदिलाबादचे गोंड, कोलाम यांच्यात, आणि अलीकडे गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर या भागांतील अनेक समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. आपल्या मंडळ्यांतील घरेही त्यातून सुटलेली नाहीत. लेकराचे हातपाय सुजतात, हाडे असह्य दुखतात, रक्त कमी पडते, वारंवार ताप येतो. आई विचारते, ‘माझ्याच पोराला का?’ आणि भोवतालचे लोक उत्तरे देतात. कोणी देवीचा कोप म्हणतो, कोणी करणी म्हणतो. आपल्यातला कोणी, अधिक सभ्य शब्दांत, आईबापांच्या कोणत्या तरी पापाकडे बोट दाखवतो.

विज्ञानाचे उत्तर असे आहे. शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये या रुग्णांच्या रक्तातील विळ्याच्या आकाराच्या पेशींचे वर्णन केले. १९४९ मध्ये हा दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे, आणि आईबाप दोघांकडून आला तरच आजार होतो, हे कळले. १९५७ मध्ये व्हर्नन इंग्रॅम यांनी दाखवले की सारा फरक रेणूतील एका जागी एका अमिनो आम्लाऐवजी दुसरे आल्याने पडतो. आईबाप दोघेही वाहक असतील, म्हणजे प्रत्येकात एकेक सदोष जनुक असेल, तर दर खेपेला चारांत एक एवढा संभव मूल आजारी निपजण्याचा असतो. अमुक घराला शिक्षा, अमुक घराला माफी, असा भेद त्यात नाही. १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी आणखी एक गोष्ट उघड केली : ज्याच्यात असा एकच जनुक असतो त्याला बालपणी हिवतापाच्या घातक झटक्यापासून बरेच संरक्षण मिळते. रानावनांत हिवतापाशी झुंजत पिढ्या जगल्या. ज्यांच्यात हा जनुक एकेरी होता ती मुले अधिक वाचली, म्हणून तो टिकला. आजची पीडा ही पूर्वजांच्या जगण्याची किंमत आहे. पूर्वजांच्या पापाची नव्हे.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांधाला पाहून शिष्य नेमका हाच प्रश्न विचारतात, की पाप कोणाचे? आणि प्रभू तो प्रश्नच नाकारतो. आम्हांला असे वाटते की जनुकाचे ज्ञान प्रभूच्या त्या नकाराच्या बाजूने उभे आहे. ते त्या आईच्या खांद्यावरचा खोटा आरोप उतरवते. देवावर घातलेला खोटा आळही उतरवते. सत्य कळल्याने येथे धर्माचे नुकसान झाले नाही. धर्माच्या नावाने चाललेला एक अन्याय मात्र थांबला.

पण आईचा प्रश्न तेथे संपत नाही. ‘चारांत एक’ हे उत्तर खरे आहे, आणि रात्री दोन वाजता कण्हणाऱ्या लेकराशेजारी ते पुरत नाही. ‘का’ या शब्दाआड तिचा दुसरा प्रश्न असतो : या दुःखात आम्ही एकटे आहोत काय? याचे लेकरू म्हणून काही मोल आहे काय? त्याला सूक्ष्मदर्शकातून उत्तर मिळत नाही. ‘देवाने काही योजनेने दिले असेल’ या घाईच्या सांत्वनानेही मिळत नाही. तेही कारण सांगण्याचाच प्रयत्न आहे, आणि तेथे त्याला आधार नाही. उत्तर माणसांनी द्यावयाचे असते. कोणी रक्त देतो, कोणी दवाखान्याचे भाडे देतो, कोणी रात्रभर उशाशी बसतो. ख्रिस्ताच्या शरीराचे अवयव म्हणवणाऱ्यांनी हे केले म्हणजे त्या घराला कळते की आपण टाकलेले नाही. धार्मिक अर्थ म्हणतात तो हाच.

येथे लिंगोच्या नियमाची पुन्हा आठवण होते. एकाच गटात सोयरीक न करण्याच्या जुन्या नियमात आजचे आनुवंशिकीशास्त्र आधीच होते, असे कौतुकाने म्हणणारे आहेत. आपल्यातही बायबलात सारे शोध अगोदरच लिहिलेले आहेत असे म्हणणारे कमी नाहीत. अशा स्तुतीने गाण्याचाही मान वाढत नाही आणि ग्रंथाचाही. सिकलसेलचा जनुक चारदेव्यांत आहे तसा सातदेव्यांतही असू शकतो. कुळ वेगळे असल्याने तो अडत नाही. तो रक्ताच्या तपासणीनेच कळतो. कुळाच्या नियमाचे मोल दुसरीकडे आहे : तो परक्याला सोयरा करतो. ज्याचे काम त्याला करू द्यावे, म्हणजे दोहोंची शोभा राहते.

यातून आपल्या मंडळ्यांना काही करता येण्यासारखे आहे. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न उरू नये असा त्याचा उद्देश आहे. लग्न ठरण्यापूर्वी मुलामुलीची रक्ततपासणी करून घ्या, असे पाळकांनी उघडपणे सांगावे. वाहक निघालेल्या मुलीला किंवा मुलाला नावे ठेवणाऱ्यांना त्याच व्यासपीठावरून आवरावे. एक वाहक आणि एक निर्दोष अशा जोडप्याच्या मुलांना हा आजार होत नाही, हे घरोघर कळले पाहिजे. आणि शब्बाथ शाळेत मुलाने खडकांविषयी विचारले, तर शिक्षकाने त्याला गप्प करू नये. त्याला मलेरीची तांबडी माती सांगावी, कोट्याचे मासे सांगावे, हिस्लॉप यांची हकिगत सांगावी. आणि मग त्याच तासाला १०४ वे स्तोत्र उघडावे. त्यात डोंगर आहेत, झरे आहेत, सिंहाचे छावे आहेत, समुद्रातील प्रचंड प्राणी आहेत. त्यांची वर्षे मोजलेली नाहीत, त्यांच्याबद्दल आभार मानले आहेत. कोटी वर्षे ऐकून मुलाचे डोळे मोठे झाले असतील, तर ते स्तोत्र त्याला अधिक चांगले वाचता येईल.